वर्गखोलीतील उजेड व खिडकीबाहेरचे दृश्य

शाळातपासणीच्या दिवशी हजेरीपट पाहिला जातो, मुलांच्या वह्या पाहिल्या जातात, फळा, नकाशे, पिण्याचे पाणी व स्वच्छतागृह यांची विचारपूस होते आणि शेरेबुकात चार ओळी लिहून तपासणी संपते. खिडकीकडे पाहण्याचे सहसा कोणाच्या मनात येत नाही. गज शाबूत आहेत आणि झडपांना कडी लागते, एवढे असले की खिडकीविषयी सांगण्यासारखे काही उरले नाही, असे समजले जाते. वास्तविक वर्गखोलीत जी जी साधने असतात, त्यांपैकी रोज, प्रत्येक तासाला आणि प्रत्येक मुलाला उपयोगी पडणारे असे साधन खिडकीवाचून दुसरे नाही. तिच्यावाटे उजेड आत येतो आणि तिच्यावाटेच मुलाची दृष्टी बाहेर जाते. या दोन्ही गोष्टींचा मुलाच्या डोळ्यांशी, त्याच्या अवधानाशी आणि म्हणून त्याच्या अभ्यासाशी किती निकटचा संबंध आहे, हे प्राथमिक शिक्षकाने समजून घेणे अगत्याचे आहे; कारण यातील बहुतेक सुधारणा त्याच्या स्वतःच्या हातातील आहेत आणि त्यांस खर्च जवळजवळ लागत नाही.

खेड्यांतील पुष्कळ शाळांतून खिडक्या असूनही नसल्यासारख्या झालेल्या आढळतात. एका खिडकीपुढे कपाट उभे असते. दुसरीपाशी पोषण आहाराच्या तांदळाची पोती रचलेली असतात. तिसरीच्या झडपांवर तक्ते टांगलेले असतात व त्यामुळे त्या झडपा वर्षानुवर्षे उघडल्या जात नाहीत. अलीकडे दूरदर्शनसंच किंवा प्रक्षेपक आल्यापासून पडद्यावरचे चित्र स्पष्ट दिसावे म्हणून उरलेल्या खिडक्यांनाही जाड पडदे लागले आहेत. चित्र दाखवून झाले तरी ते पडदे बाजूला सारण्याची आठवण राहत नाही. यात शिक्षकाला दोष देण्याचे कारण नाही. पोती ठेवायला दुसरी खोली नसते आणि कपाटाला भिंत हवीच असते. तथापि अशा एकेका सोयीपायी वर्गातील उजेड किती घटतो, याची कल्पना नसल्यामुळेच ही सोय स्वस्त वाटते.

उजेडाचे मोजमाप

उजेड मोजण्याचे परिमाण लक्स हे होय. निरभ्र दुपारी उघड्यावर सुमारे १,००,००० लक्स इतका उजेड असतो. आभाळ भरून आलेले असले तरी बाहेर तो हजारांच्या घरात असतो. चांगल्या वर्गखोलीत पाटीवर किंवा वहीवर सुमारे ३०० लक्स उजेड मिळाला म्हणजे ती खोली समाधानकारक मानली जाते. आणि ज्या खोलीच्या खिडक्या झाकलेल्या आहेत तिच्या कोपऱ्यात ५० लक्सही मिळणे दुरापास्त असते. बाहेर आणि आत यांत एवढी तफावत असता ती जाणवत कशी नाही, असा प्रश्न पडेल. याचे उत्तर डोळ्यांच्या रचनेत आहे. मानवी डोळा अंधाराला फार लवकर सरावतो. बाहुली मोठी होते, दृष्टिपटल अधिक संवेदनक्षम होते आणि मनुष्याला वाटते की उजेड पुरेसा आहे. दिसते खरे, परंतु बारीक अक्षर ओळखण्याची शक्ती मात्र मंद उजेडात कमी झालेली असते आणि ते अक्षर ओळखण्यासाठी मूल पुस्तक डोळ्यांच्या अगदी जवळ नेते.

दुसरीही एक गोष्ट येथे फसवणारी आहे. शिक्षक बहुधा दाराजवळ किंवा फळ्यापुढे उभा असतो आणि तेथे उजेड चांगला असतो. मागच्या आतल्या कोपऱ्यात तो कधी बसलेला नसतो. ज्या खोलीला एकाच बाजूने खिडक्या आहेत तिच्यात, खिडकीची वरची कड जमिनीपासून जितक्या उंचीवर असेल त्याच्या सुमारे दुप्पट अंतरापर्यंतच उपयोगी उजेड पोहोचतो, असा इमारतशास्त्रातील ढोबळ नियम आहे. वरची कड ७ फुटांवर असली तर उजेड १४ फुटांपर्यंत. खोली १८ किंवा २० फूट रुंद असेल तर पलीकडच्या भिंतीलगतची एक पूर्ण रांग भर दुपारीही सांजवेळेत बसलेली असते. खिडकीवरच्या झरोक्याचे महत्त्व यावरून ध्यानात येईल. तो लहान असला तरी उंचावर असल्यामुळे त्याचा उजेड खोलीच्या आतवर जातो. आणि नेमका तोच पाखरे येतात म्हणून पुठ्ठा लावून बंद केलेला असतो. पाखरांसाठी जाळी पुरेशी आहे.

या रांगेत कोण बसते, याचा विचार शिक्षकाने एकदा शांतपणे करावा. पुढच्या जागा चुणचुणीत मुले पटकावतात. उशिरा येणारी, अबोल, धाकट्या भावंडाला सांभाळून येणारी मुले मागे राहतात. अशा मुलाला फळ्यावरचे अक्षर नीट दिसत नाही, परंतु दिसत नाही हे त्याला सांगता येत नाही. कारण सर्वांना असेच दिसते, अशी त्याची समजूत असते. तो शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेतो. त्याच्या हातून ३ चे ८ आणि घ चा ध होतो. काही दिवसांनी ‘हस्ताक्षर वाईट’, ‘लक्ष नाही’ असे शेरे त्याच्या नावापुढे पडतात आणि पुढे तो मठ्ठ ठरतो. एकदा हा शिक्का बसला की तो पुसून काढणे किती कठीण असते, हे अनुभवी शिक्षकाला सांगावयास नको. म्हणून कोणत्याही मुलाला मंदबुद्धी ठरविण्यापूर्वी आठ दिवस त्याला खिडकीजवळ, फळ्यासमोर बसवून पाहावे. त्याच्या कामात फरक पडला तर कारण उघड झाले. न पडला तर डोळे तपासून घ्यावेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे वैद्यकीय पथक शाळेत येते तेव्हा अशा मुलाचे नाव आधीच लिहून ठेवलेले असावे. हा कार्यक्रम २०१३ साली महाराष्ट्रातच, पालघर येथे सुरू झाला.

बसल्या जागी उजेड पुरेसा आहे किंवा नाही, हे यंत्रावाचून पाहण्याची एक जुनी खूण आहे. प्रत्येक मुलाला आपल्या जागेवरून, मान न वळवता नुसते डोळे फिरवून, खिडकीतून आकाशाचा निदान एक तुकडा दिसला पाहिजे. ज्या जागेवरून आकाश मुळीच दिसत नाही, ती जागा वाचनलेखनास निकृष्ट समजावी. ओसरीचे छप्पर फार खाली उतरले असेल तर दोन-तीन खिडक्या उघड्या असूनही आकाश दिसत नाही, हे या खुणेने चटकन कळते. शिक्षकाने स्वतः बस्करपट्टीवर मुलाच्या जागी बसून, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवरून ही पाहणी करावी. उभ्याने केलेली पाहणी व्यर्थ होय.

ब्रेस्लाऊपासून ग्वांगझौपर्यंत

शाळा आणि मुलांचे डोळे यांच्या संबंधाचा पद्धतशीर अभ्यास प्रथम ब्रेस्लाऊ या शहरात झाला. हे शहर तेव्हा प्रशियात होते. आज ते पोलंडमध्ये असून त्याचे नाव व्रोत्सवाफ असे आहे. तेथील नेत्रवैद्य हेर्मान कोन यांनी १०,०६० विद्यार्थ्यांचे डोळे तपासले व आपले निष्कर्ष १८६७ साली प्रसिद्ध केले. जवळचे स्पष्ट दिसते पण दूरचे पुसट दिसते, अशा ऱ्हस्वदृष्टीचे प्रमाण त्यांना खेड्यांतील शाळांत शेकडा १.४ आढळले, तर शहरांतील वरच्या दर्जाच्या विद्यालयांत ते शेकडा २६.२ होते. इतकेच नव्हे, तर शाळेसमोरील रस्ता जितका अरुंद, समोरील घरे जितकी उंच आणि वर्ग जितका खालच्या मजल्यावर, तितके हे प्रमाण वाढत गेल्याचे त्यांनी नोंदविले. शाळेत उजेड कितीही असला तरी तो जास्त होत नाही, अशा मताचे ते होते. युरोपातील शाळांच्या खिडक्या पुढील काळात मोठ्या झाल्या, त्यामागे या पाहणीचा आणि तिच्यामागून झालेल्या तशाच पाहण्यांचा वाटा मोठा आहे.

कोन यांचे सर्वच अनुमान आज जसेच्या तसे स्वीकारले जात नाही. अंधुक वर्गात वाचल्यामुळे डोळे ऱ्हस्व होतात, असे सरळ विधान आता करता येत नाही. परंतु उजेड आणि दृष्टी यांचा संबंध मात्र नव्या संशोधनाने अधिकच पक्का केला आहे. चीनमधील ग्वांगझौ शहरातील १२ प्राथमिक शाळांत २०१० ते २०१३ या काळात एक प्रयोग झाला. निम्म्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज शाळेच्या वेळेत ४० मिनिटांचा जादा तास उघड्यावर दिला गेला; बाकीच्या शाळा नेहमीप्रमाणे चालल्या. तीन वर्षांनी पाहता नेहमीच्या शाळांतील शेकडा ३९.५ मुलांना ऱ्हस्वदृष्टी जडली होती. उघड्यावरचा तास मिळालेल्या मुलांत हेच प्रमाण शेकडा ३०.४ होते. तैवानमध्ये २०१० पासून मुलांनी रोज १२० मिनिटे बाहेर राहावे, अशी मोहीम शाळांतून सुरू झाली. तेथील प्राथमिक शाळांत दृष्टी कमी असलेल्या मुलांचे प्रमाण २००१ मध्ये शेकडा ३४.८ होते, ते २०११ पर्यंत ५० वर गेले होते. २०१५ मध्ये ते ४६.१ पर्यंत खाली आले. वाढ थांबून उतार लागणे ही अशा बाबतीत लहान गोष्ट नव्हे.

याचे कारण असे सांगितले जाते की, प्रखर उजेडात दृष्टिपटलातून डोपामीन नावाचे द्रव्य अधिक स्रवते आणि ते नेत्रगोलाची लांबी वाजवीपेक्षा वाढू देत नाही. नेत्रगोल लांबला की दूरच्या वस्तूची प्रतिमा पटलाच्या अलीकडे पडते. हीच ऱ्हस्वदृष्टी होय. उघड्यावरचा उजेड खोलीतल्या उजेडाच्या शेकडो पट असतो, हे वर आलेच आहे. झाडाच्या सावलीतही तो वर्गापेक्षा कितीतरी पट अधिक असतो. म्हणजे मुलांना उन्हात तापविण्याची मुळीच गरज नाही. खेड्यातील मुलाला हा लाभ आजवर आपोआप मिळत होता. तो पुढेही आपोआप मिळेल, असे मात्र गृहीत धरता येत नाही. कारण हातातील भ्रमणध्वनीने खेड्यातील मुलालाही घराच्या आत बसविले आहे.

उघड्यावर शिकविणे ही महाराष्ट्राला नवी गोष्ट नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी आताच्या पालघर जिल्ह्यातील कोसबाड येथे आदिवासी मुलांसाठी जे काम केले, त्यात अंगणवाडीबरोबर कुरणशाळाही होती. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, तर शाळेने कुरणात जावे, हा त्यामागील विचार होता. त्यांचा हेतू डोळ्यांच्या आरोग्याचा नव्हता, तो शिक्षण पोहोचविण्याचा होता. तरीही आज ग्वांगझौच्या शाळांनी जो तास मुद्दाम वेळापत्रकात घातला तो त्या मुलांना सहज लाभत होता. ज्या शाळेच्या आवारात एखादे वड, करंज किंवा कडुनिंबाचे झाड आहे, तेथे पाढे, कविता, गोष्टी, तोंडी हिशेब व परिसर अभ्यास यांपैकी एक तास रोज त्या झाडाखाली नेणे कठीण नाही. शारीरिक शिक्षणाचा तास परीक्षा जवळ आली की गणिताला दिला जातो, ही चाल मात्र सोडली पाहिजे.

खिडकीतून बाहेर पाहणारे मूल

येथवर आत येणाऱ्या उजेडाचा विचार झाला. खिडकीच्या दुसऱ्या कार्याविषयी शिक्षकांच्या मनात संशय असतो, आणि तो अकारण नाही. मूल खिडकीतून बाहेर पाहत बसले की त्याचे लक्ष पाठावरून उडाले, असाच अर्थ घेतला जातो. ‘बाहेर काय माकड नाचतंय?’ हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या वर्गांतून विचारला गेला आहे. खिडक्यांवर तक्ते टांगण्याचे किंवा खालच्या झडपा कायमच्या लावून घेण्याचे पुष्कळदा हेच कारण असते.

या बाबतीत पहिला महत्त्वाचा पुरावा शाळेतला नसून रुग्णालयातला आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील एका रुग्णालयात १९७२ ते १९८१ या काळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांची नोंद रॉजर उलरिच यांनी तपासली. निम्म्या रुग्णांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. वय, प्रकृती इत्यादी बाबतींत सारख्या अशा जोड्या लावून तुलना केली असता, झाडे पाहणारे रुग्ण सरासरीने ७.९६ दिवसांत घरी गेले. भिंत पाहणाऱ्यांना ८.७० दिवस लागले. झाडे पाहणाऱ्यांना तीव्र वेदनाशामक औषधेही कमी द्यावी लागली. हा अभ्यास १९८४ साली प्रसिद्ध झाला. रुग्णांची संख्या थोडी होती हे खरे; परंतु खिडकीबाहेर काय दिसते यालाही काही किंमत आहे, हा विचार तेथून पुढे संशोधकांनी गंभीरपणे घेतला.

शाळेपुरते पाहावयाचे तर इलिनॉय राज्यातील पाच माध्यमिक शाळांमधील ९४ विद्यार्थ्यांवर झालेला प्रयोग अधिक बोधप्रद आहे. तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना तीन प्रकारच्या खोल्यांत वाटून दिले होते : काहींना खिडकी नसलेली खोली, काहींना जिच्या खिडकीतून केवळ इमारती दिसतात अशी खोली, आणि काहींना जिच्या खिडकीतून झाडे दिसतात अशी खोली. सर्वांकडून मेहनतीचे बौद्धिक काम करून घेतले, मग थोडी विश्रांती दिली. विश्रांतीपूर्वी तिन्ही गटांच्या अवधानात फरक नव्हता. विश्रांतीनंतर मात्र झाडे दिसणाऱ्या खोलीतील विद्यार्थ्यांचे अवधान अधिक चांगले भरून आले आणि मनावरील ताणही अधिक उतरला. नुसती खिडकी असून भागले नाही. तिच्यातून हिरवे काही दिसावे लागले. आणि हा लाभ काम चालू असताना नव्हे, तर दोन कामांच्या मधल्या मोकळ्या मिनिटांत दिसून आला. एक तास संपून दुसरा सुरू होण्यापूर्वी मुलांना दोन-तीन मिनिटे खिडकीबाहेर, लांबवर, पाहू देण्यास शिक्षकाने कचरू नये. दूर पाहताना डोळ्याच्या आतील, जवळचे पाहण्यासाठी आकसलेला स्नायू सैल पडतो, हाही एक फायदा त्यात आहे.

आता तक्त्यांविषयी. पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठात २४ बालवर्गीय मुलांवर प्रयोग झाला व तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. तेच पाठ काही वेळा चित्रे-तक्त्यांनी भरगच्च सजविलेल्या खोलीत आणि काही वेळा मोकळ्या भिंतींच्या खोलीत दिले गेले. सजविलेल्या खोलीत मुलांचा शेकडा ३८.६ वेळ पाठाबाहेर गेला, मोकळ्या खोलीत शेकडा २८.४. पाठानंतरच्या चाचणीत सजविलेल्या खोलीत शेकडा ४२ उत्तरे बरोबर आली, मोकळ्या खोलीत शेकडा ५५. लक्ष विचलित होऊ नये म्हणून खिडकी बंद करून तिच्यावर रंगीत तक्ता टांगणारा शिक्षक कोणता व्यवहार करीत आहे, हे यावरून स्पष्ट व्हावे. तक्ते बनविण्यात शिक्षकांचे पुष्कळ श्रम खर्ची पडलेले असतात व तपासणीतही त्यांचे कौतुक होते, त्यामुळे ही गोष्ट पचनी पडणे सोपे नाही. तक्ते टाकून द्यावेत असे नाही. ज्या पाठाचा तक्ता असेल तो त्या पाठापुरता लावावा आणि मग गुंडाळून ठेवावा.

खिडकीबाहेरचे प्रत्येक दृश्य हितकारक असते, असेही मानू नये. खिडकी बाजाररस्त्यावर, एस.टी.च्या थांब्यावर किंवा पाणवठ्यावर उघडत असेल, तर तेथील माणसांची ये-जा मुलाचे लक्ष ओढून नेणारच. हलणारी फांदी, उडणारे बगळे, शेतावर पडलेले ऊन यांच्याकडे मुलाची नजर जाते आणि परत येते; भांडण किंवा वरात यांच्याकडे गेलेली नजर परत येत नाही. अशा ठिकाणी खालच्या झडपा लावून वरच्या उघड्या ठेवाव्यात. माणसे दिसणार नाहीत, आकाश व झाडांचे शेंडे दिसतील. याउलट जमिनीवर बसणाऱ्या पहिली-दुसरीच्या मुलांच्या वर्गाची खिडकी फार उंच असेल तर त्यांना आकाशावाचून काहीच दिसत नाही. नवीन खोली बांधली जात असेल तेव्हाच शाळा व्यवस्थापन समितीने निदान एका बाजूच्या खिडक्या खाली घेण्याचा आग्रह धरावा. पुढे बदल होत नाही.

तिरीप, फळा आणि चुना

उजेड हवा म्हणजे ऊन हवे असे नव्हे. कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो येथील शाळांच्या २००३ मधील पाहणीत बाहेरचे प्रशस्त दृश्य मुलांच्या प्रगतीला पोषक आढळले. मात्र ज्या वर्गांत थेट ऊन आत येऊन डोळे दिपत होते, तेथे प्रगती मागे पडलेली दिसली. सकाळच्या शाळेत पूर्वेच्या आणि दुपारच्या शाळेत पश्चिमेच्या खिडकीची तिरीप वहीवर पडू देऊ नये. उत्तरेच्या खिडकीतून येणारा उजेड सौम्य व दिवसभर जवळजवळ सारखा असतो, म्हणून ती खिडकी कधीही झाकू नये; कपाट ठेवणे भागच असेल तर ते पश्चिमेच्या भिंतीला ठेवावे. पश्चिमेच्या खिडकीबाहेर बांबूची ताटी उभी करावी किंवा काही अंतरावर झाड लावावे. ऊन खिडकीच्या बाहेरच अडविले तर उष्माही बाहेर राहतो. आतल्या पडद्याने ऊन अडते, उष्मा अडत नाही.

मुलांची बैठक अशी असावी की मुख्य उजेड डाव्या हाताकडून येईल. लिहिणाऱ्या उजव्या हाताची सावली मग अक्षरावर पडत नाही. डावखुऱ्या मुलाची गैरसोय होते, त्याला वेगळी जागा द्यावी. त्याला उजव्या हाताने लिहावयास लावणे हा उपाय नव्हे. फळा दोन खिडक्यांच्या मधल्या भिंतीवर कधीही नसावा, कारण दोन्ही बाजूंच्या झगझगीत उजेडामुळे मधला फळा अंधारा दिसतो. शिक्षकानेही खिडकीला पाठ करून शिकवू नये. त्याचा चेहरा काळा दिसतो व ओठांची हालचाल दिसत नाही. ज्या मुलाला कमी ऐकू येते त्याचा सर्व आधार तेथेच नाहीसा होतो.

चुन्याने स्वच्छ पांढरी केलेली भिंत तिच्यावर पडलेल्या उजेडापैकी सुमारे तीनचतुर्थांश खोलीत परत पाठविते; गडद निळी किंवा तपकिरी भिंत बहुतेक सर्व गिळून टाकते. खिडकीसमोरची भिंत व आढ्याचा आतला भाग एवढे जरी दर दिवाळीच्या सुटीत पांढरे केले, तरी अंधारी रांग बरीच उजळते. कौलारू शाळेत त्या रांगेच्या वर काचेची दोन-तीन कौले बसवावीत. पत्र्याच्या छपरात पारदर्शक पत्रा बसविता येतो, परंतु तो एखादाच असावा; उन्हाळ्यात त्याखाली बसवत नाही.

कवडशाचा पाठ

खोलीत येणारा उजेड स्वतःच शिकविण्याचा विषय होऊ शकतो. इयत्ता तिसरी ते पाचवीसाठी पुढील पाठ घेण्यासारखा आहे. कौलांच्या फटीतून कवडसा पडत असेल तर उत्तमच. स्लॅबची खोली असेल तर उन्हाकडील खिडकी पुठ्ठ्याने झाकून त्यास तुरीच्या दाण्याएवढे भोक पाडावे. सूर्याकडे प्रत्यक्ष पाहू नये, भोकातूनही पाहू नये, ही ताकीद प्रथम द्यावी.

कवडसा गोल का, हा पहिला प्रश्न. मुले म्हणतील, भोक गोल आहे म्हणून. मग पुठ्ठ्याला त्रिकोणी भोक पाडावे. जमीन पुरेशी दूर असेल तर कवडसा तरीही गोलच पडतो, कारण तो भोकाचा आकार नसून सूर्याची प्रतिमा आहे. भोकापासून कवडशापर्यंतचे अंतर दोऱ्याने मोजावे. दर १०८ सेंटिमीटर अंतरास प्रतिमा सुमारे १ सेंटिमीटर रुंद होते. २६ डिसेंबर २०१९ रोजी सकाळी महाराष्ट्रातून खंडग्रास सूर्यग्रहण दिसले, तेव्हा अशा कवडशांना कोरीचा आकार आला होता. मुलांनी कवडशाभोवती खडूने रेघ ओढावी आणि घड्याळ पाहावे. सुमारे दोन मिनिटांत कवडसा आपल्या वर्तुळातून सरकून बाहेर पडतो. पृथ्वी फिरते हे वाक्य पाठ केलेल्या मुलाला ते फिरणे डोळ्यांनी दिसते ते येथे.

पाचवीच्या मुलांकडून हाच पाठ लांबवावा. दिवाळीची सुटी संपल्यापासून दर सोमवारी बरोबर साडेबारा वाजता कवडशाच्या जागी खूण करून तारीख लिहावी. सूर्य दक्षिणेकडे सरकतो तसतसा कवडसा उत्तरेकडे जातो. २२ डिसेंबरच्या सुमारास तो थबकतो आणि परत फिरतो. मुले विचारतील की उत्तरायण तर संक्रांतीला सुरू होते. पृथ्वीचा आस फार मंद गतीने दिशा बदलतो, त्यामुळे शतकानुशतकांत संक्रांत आणि प्रत्यक्ष उत्तरायण यांत सुमारे तीन आठवड्यांचे अंतर पडले आहे, एवढे सांगणे या वयात पुरे. या खुणा सारवताना किंवा फरशी पुसताना जाऊ नयेत म्हणून त्यांचे अंतर वहीत उतरवून ठेवावे.

पावसाळ्यातील वेळापत्रक

आषाढ-श्रावणात, विशेषतः कोकणात व घाटमाथ्यावर, झड येते म्हणून पश्चिमेच्या झडपा लावाव्या लागतात, ताडपत्री बांधावी लागते, आणि वीज त्याच वेळी नेमकी गेलेली असते. वेळापत्रक तेव्हा उजेडाप्रमाणे फिरविण्याची मोकळीक मुख्याध्यापकाने वर्गशिक्षकास द्यावी. फार अंधारून आले असता शुद्धलेखन, बारीक अक्षरांतील वाचन, भूमितीच्या आकृत्या व शिवणकाम घेऊ नये. तो वेळ पाढ्यांना, कवितांना, गोष्टींना, तोंडी उदाहरणांना द्यावा. मुलांना पूर्वेच्या किंवा दाराच्या बाजूला सरकवून घ्यावे, आतल्या रांगेतील मुलांना सर्वांत पुढे. पाऊस उघडून झडपा उघडता आल्या म्हणजे वह्या काढाव्यात.